दुधाच्या खोलीतले बटाटे

किस गोड लागला तेव्हा वच्छलाबाईंना पहिला राग आला तो स्वतःच्या जिभेचा. सकाळपासून चहासुद्धा झाला नव्हता, गोड म्हणावं असं काही तोंडात गेलंच नव्हतं, आणि तरी कढईतून नुकत्याच काढलेल्या किसाची काडी दाताखाली मोडली तशी आधी गोडी आली आणि तिच्यामागून जळकट कडूपणा. रंग तर जिभेच्या आधी डोळ्यांनीच सांगितला होता. शिवरात्रीच्या उपवासाचा बटाट्याचा चिवडा कसा केतकी रंगाचा, हलका, हातात घेतला की खुळखुळणारा असावा. हा विटकरीसारखा लाल आणि कडांना काळा पडलेला. चिवड्यात साखर घालतात, नाही कोण म्हणतं, पण ती वरून, चिमटीनं, माणसाच्या मर्जीनं. हा आतूनच गोड होता, कुणाला न विचारता. त्यांनी दुसरी काडी तोंडात टाकली, तिसरी टाकली, जणू तिसऱ्या काडीला लाज वाटून ती खारट लागणार होती. भोवती बायका किसण्या थांबवून उभ्या होत्या. कढईपाशी सुभद्रा, हातात झारा, झाऱ्यातून तेलाचे थेंब तिच्या पायावर पडताहेत याचंही भान नाही. "आक्का, म्या न्हाई करपवला," ती म्हणाली. "जाळ बारीक हुता. तुमी बघितला न्हवं?" वच्छलाबाईंनी बघितला होता. तेलही कालच डब्यातून काढलेलं. "बघितला गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना वाटलं, आपण बघितलं याला इथं कोण विचारतंय.

कारण दारात बंकट उभा होता. दूध संघाच्या इमारतीची देखभाल हे त्याचं काम, आणि इमारतीत कोण काय बोललं ते संघाच्या अर्जुनरावांच्या कानावर घालणं हे त्याचं खरं काम. तो ताटलीत वाकून म्हणाला, "तळणारणीचं ध्यान ठिकाणावर न्हाई. नवरा न्यायला आलाय ना." आणि गेला. एवढं बोलायला माणसाला काही लागत नाही, वच्छलाबाईंच्या मनात आलं. ना तेल, ना जाळ. पण त्याचं म्हणणं खोटं असलं तरी त्यातला नवरा खरा होता. सुभद्राचा नवरा म्हाळू दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला होता, कोयत्याला जोडीदारीण म्हणून आपल्या भावजयीला घेऊन. भावजय फडात आजारी पडली, परत आली. ऊसतोडीत एक माणूस म्हणजे कोयता नव्हे. तोडणारा आणि मोळी बांधणारी मिळून एक कोयता. अर्धा कोयता मुकादम ठेवून घेत नाही. म्हणून म्हाळू आला होता, उरलेल्या हंगामापुरता जोड पुरा करायला. लग्न झाल्यापासून सुभद्रा दरसाल गेली होती. पाचटाच्या कोपीत, फडावरच्या झोपडीत, तिची दोन बाळंतपणं झाली होती, त्यातलं एकच घरी परत आलं. बायकांची ही चिवड्याची संस्था निघाली, तिला कढई मिळाली, आणि दोन हंगाम ती गेली नव्हती. हाताला काम आहे तोवर म्हाळू तिला ओढून नेणार नव्हता, तेवढा तो बरा माणूस होता. पण संस्थेनंच तिला बाजूला काढलं तर थांबायला तिच्याकडे काय कारण उरणार? उद्या संस्थेची बैठक. म्हणजे उद्या दुपारपर्यंत सुभद्राचं काय ते ठरणार होतं, आणि ते ठरवणार होता हा नालायक किस.

बटाटे खराब म्हणावेत तर एक कुजलेला नव्हता, एकाला कोंब नव्हता. इंदूरहून मागवलेले, दुधाच्या खोलीत ठेवलेले. त्या साली लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. परळीचं कोळशावरचं वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडलं होतं. वच्छलाबाईंच्या आयुष्यात पहिल्यांदा दोरीवरची लुगडी राख न पडता वाळत होती, आणि इतकं स्वच्छ लुगडं नेसायचीही भीती वाटत होती. गुरं छावणीला गेली, दूध आटलं. संघाची दूध थंड ठेवायची मोठी खोली रिकामी घुमू लागली. तेव्हा अर्जुनरावांना, म्हणजे संघाच्या अध्यक्षांना, आणि म्हणजेच बायकांच्या संस्थेच्या अध्यक्षा छबुबाईंच्या यजमानांना, कल्पना सुचली. बायकांचे बटाटे तिथं ठेवा. नारळ फुटला. फोटो निघाला, त्यात बटाट्याची पोती पुढं आणि बायका मागं. अर्जुनरावांनी खोलीचं दार उघडून आतला गारवा सगळ्यांना अंगावर घ्यायला लावला, एकेकीला, देवाच्या गाभाऱ्यात सोडावं तसं. बाहेर माघातच ऊन कानशिलं भाजत होतं. टँकरच्या रांगेतून आलेल्या बायका त्या दारात डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग ते मशीनवाल्याला म्हणाले, "दुधाला चार डिग्री ठेवतो ना? यांना दोन ठेव. लेकीबाळींचं काम हाय, काटकसर करू नको." गारवा वाढायचा म्हणजे काय, तर पाहुण्याच्या पानात आग्रहानं तुपाची धार सोडतात तसा. ज्या गावात पाण्याला तरसलेलं माणूस माठाला गाल लावून बसतं, तिथं जास्त गार म्हणजे जास्त माया, यात कुणाला शंका येणार? वच्छलाबाईंनाही आली नव्हती. त्यांनी तर आभाराचं भाषण केलं होतं. आता आठवून त्यांना पायाच्या अंगठ्यापर्यंत चीड आली. आभार मानण्यात आपला हात कुणी धरणार नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुपारी त्यांनी द्वारकेला फोन लावला. त्यांची मुलगी पुण्याला एका प्रयोगशाळेत बटाट्यावरच काम करायची. सोयरेधायरे विचारत, लेक काय करते, तर वच्छलाबाई सांगत, बटाट्याला थंडी वाजते ते बघते. लोक हसत. त्याही हसत, कारण त्यांनाही त्यापलीकडे नीट कळलेलं नव्हतं, आणि सातवीनंतर जे काही कळलं ते पुड्यांच्या कागदावरून आणि वाचनालयातल्या फाटक्या मासिकांतून, त्यात बटाट्याची थंडी कधी आली नव्हती. द्वारकेनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती अंशावर ठेवलेत?" "दोन." "आई, दोनवर तळायचा बटाटा कुणी ठेवतं का गं?" "आम्ही ठेवतो," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं मायेनं ठेवतात."

मग द्वारका सांगत राहिली आणि त्या ऐकत राहिल्या, ओसरीच्या खांबाला पाठ लावून, एका हातानं माश्या वारत. उपटून पोत्यात भरला तरी बटाटा मेलेला नसतो, श्वास घेत असतो. गारठा लागला की त्याच्या पेशींच्या पापुद्र्यातली चरबी थिजायला लागते. तुपासारखी? हो, तुपासारखी. पापुद्रा थिजला की मोडतो, म्हणून झाड घाईघाईनं तुपाच्या जागी तेल भरायला बघतं, न थिजणारं. त्याच वेळी पेशीत कॅल्शियम घुसतं, ती थंडीची पहिली बातमी. बातमी कळली की एक प्रोटीन जागं होतं, आणि ते बाकीच्या जीन्सना उठवत सुटतं, कामाला लावतं. "म्हणजे मुकादम," वच्छलाबाई म्हणाल्या. द्वारका थांबली. "हो. मुकादमच म्हण." आणि त्या टोळीतली एक काय करते, तर साठवलेला पिठूळ स्टार्च फोडून त्याची साखर करते. कारण साखरेचं पाणी लवकर गोठत नाही. तीच साखर उकळत्या तेलात गेली की लाल होते, काळी होते, कडवट लागते. "सुभद्रामावशीचा काही दोष नाही. तिनं कितीही बारीक जाळ केला असता तरी हेच झालं असतं. किस धुता किती पाण्यांतून?" "पूर्वी तीन. यंदा एकच. पाणी कुठंय?" "मग वरची साखरसुद्धा निघाली नाही," द्वारका म्हणाली, आणि लहानपणी गणित चुकल्यावर टाकायची तसा सुस्कारा टाकला.

म्हणजे बटाटा भ्यायला होता. बाहेरून तसाच, तुकतुकीत, टणक, कुणी हात लावला तर म्हणावं काय छान आहे. आणि आत अंधारात सगळी शिदोरी फोडून फोडून गोड होत बसलेला. त्यांना हे इतकं ओळखीचं वाटलं की वैतागच आला. धर्मापुरीला त्या नांदायला गेल्या तेव्हा त्यांच्या सासूबाई, दगडाबाई, पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, सून गोड बोलणारी पाहिजे. आवाज चढला नाही त्या बाईचा कधी; नुसतं बघायची, आणि चुलीपुढं बसलेल्या वच्छलाबाईंच्या मणक्यातून काहीतरी थिजत जायचं. मग त्या बोलायच्या, होय आत्याबाई, बरोबर हाय आत्याबाई, तुमच्या हाताची चव माझ्या हाताला कुठली येणार आत्याबाई. कुणी शिकवलं नव्हतं. मुकादम आतच होता. पुढे यजमान रामकिसन वारले. सासूबाईंच्या जागी मग जाऊबाई आल्या, मग वाचनालयाचे चिटणीस, मग तहसीलचा शिपाई, मग अर्जुनराव. प्रत्येकासाठी त्यांच्याकडं वाटीभर गोड तयार असायचं, आणि लोक म्हणायचे, काय लाघवी बाई आहे. आता पन्नाशी उलटल्यावर पुण्याहून लेक फोनवर सांगत होती की हा स्वभाव नव्हता, हा गारठा होता. एवढं शिक्षण दिलं ते हे ऐकायला. "आणि सगळे बटाटे असेच?" त्यांनी विचारलं. द्वारका म्हणाली, डोंगरातली एक रानटी जात आहे, दूर परदेशात. तिला सावकाश थंडीची सवय केली तर ती बर्फातही तगते, तिची सगळी टोळी उठते. आपल्या बटाट्याचा मुकादम हाका मारतो, पण अर्धी टोळी पडूनच राहते. माणसानं पिढ्यानपिढ्या निवडलाच तो मोठा आणि चवदार म्हणून. थंडी सोसणारा म्हणून कुणी निवडला नाही. "मग आता काय करायचं?" "बाहेर काढा. सावलीत, साध्या हवेत, पंधरा-वीस दिवस पसरून ठेवा. बरीचशी साखर परत स्टार्च होते." "बरीचशी?" "सगळी नाही होत, आई. काही परत येतात, काही येत नाहीत." आणि मग लेकीच्या आवाजात, तिनं न ठरवता, तेच लाघव उतरलं: "पण तू अर्जुनकाकांना दुखवू नकोस हं. सांग, माल इंदूरहूनच तसा आला." वच्छलाबाईंनी फोन ठेवला. आपल्यातलं काय काय उतरलंय हिच्यात, त्यांच्या मनात आलं, आणि हिला वाटतंय ही बटाट्यावर काम करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून, राधाकिशनच्या हातगाडीवरून, उन्हात पडलेले चार बटाटे आणून त्यांनी सुभद्राकडून तळून घेतले. तेच तेल, तोच हात. किस केतकी निघाला. सुभद्रानं एक काडी उचलून उजेडात धरली. दोन्ही ताटल्या पदराखाली घेऊन वच्छलाबाई बैठकीला गेल्या तेव्हा त्यांना इंदूरचं वाक्य पाठ होतं. सोपं होतं ते. कुणाला लागणार नव्हतं. इंदूर लांब होतं.

बैठक संघाच्या दालनात. छबुबाई अध्यक्षांच्या खुर्चीत, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. शेजारी अर्जुनराव, सहज येऊन बसल्यासारखे, जसे ते प्रत्येक बैठकीला सहज यायचे. त्यांनी लाल किसाची चिमूट उचलून तोंडात टाकली. सगळ्या त्यांच्या जबड्याकडे बघत होत्या. "गोड हाय की," ते म्हणाले. "चांगलं लागतंय. जरा खरपूस हाय, एवढंच." त्यांनी आणखी घेतला. वच्छलाबाईंना वाटलं, आता हा माणूस हाच चिवडा म्हणून खपवायला सांगणार. पण ते म्हणाले, "पण गिऱ्हाईक रंग बघतं. बंकट म्हणतो, करपला. चालायचंच. माणूसच हाय. बाईमाणूस थकतं. सुभद्राला महिनाभर आराम देऊ. काय?" ते 'काय' छबुबाईंसाठी होतं. छबुबाई म्हणाल्या, "आराम देऊ." आणि बायकांच्या माना हलल्या, एकीमागून एक. किती मायेनं चाललं होतं सगळं. कुणी कुणाला काढत नव्हतं. आराम देत होते. सुभद्रा भिंतीपाशी खाली बघत बसली होती. तिनंसुद्धा मान हलवली. ती हललेली मान बघून वच्छलाबाईंच्या तोंडात पाणी सुटलं, खरोखरच, गोडाआधी सुटतं तसं. इंदूरचं वाक्य जिभेवर येऊन बसलं. पण इंदूर म्हटलं तर पोती त्याच खोलीत राहणार, पुढचा माल तिथंच येणार, आणि पुढच्या वेळी पुन्हा कुणाचा तरी हात करपणार. त्यांना एकदम सगळ्याचा कंटाळा आला. भीतीपेक्षा मोठा, नुसता कंटाळा.

"सुभद्राचा हात न्हाई साहेब," त्या म्हणाल्या. "तुमचा गारवा हाय."

अर्जुनराव हसले. "गारव्यानं कुणी करपतं व्हय?"

त्यांनी सांगायला घेतलं आणि सगळं उलटसुलट झालं. तूप आधी आलं, कॅल्शियम मधेच, मुकादम कुठल्या कुठं. बटाटा श्वास घेतो म्हटल्यावर मागची एक खुदकली. बटाट्यात मुकादम असतो म्हटल्यावर सगळ्याच. "हसा," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमी एवढ्या गारठ्यात बसल्या असत्या तर तुमीबी गोड झाल्या असत्या. झाल्याच हाव की आपण." हे काय बोललो ते त्यांनाही नीट कळलं नाही, पण हसू थांबलं.

"द्वारकीचं ज्ञान दिसतंय," अर्जुनराव म्हणाले, आणि आवाज आणखी मऊ केला. "शिकली पोरगी, आनंद हाय. वसतिगृहात जागा नव्हती तवा शब्द कुणी टाकला हुता, ते इसरली नसंल."

"न्हाई इसरली. तुमीच टाकला हुता," वच्छलाबाई म्हणाल्या. इथं एरवी आभाराचं आणखी एक वाक्य यायचं. ते आलं नाही, त्याची जागा मोकळीच राहिली. "आन तीच सांगायली की तळायचा बटाटा दोनवर ठेवू नये. बाहेर काढून पसरावा लागंल. मग सुधारंल. सुधारला तर."

मग छबुबाईंनी पदर जरा मागं सारला. "दुसऱ्या ताटलीत काय हाय?" "बाजारचा बटाटा. हातगाडीवरचा. हिच्याच हातचा, आज सकाळी." छबुबाईंनी एक काडी इकडची खाल्ली, एक तिकडची. सावकाश, घरात मीठ बघतात तशी. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मशीनवाल्याला दोन ठेव म्हणले तवा मी तिथंच हुते." "मग?" अर्जुनराव म्हणाले. "मग काय. सुभद्रा ऱ्हाईल. सही मलाच करायचीय न्हवं?" 

अर्जुनरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जागेवरच राहिलं, फक्त त्याच्या आतून काहीतरी निघून गेलं. ते उठले, खिशातून मोबाइल काढला, जो वाजत नव्हता. "खोली आजच रिकामी करा," ते दाराशी म्हणाले. "मशीन बंद करायला सांगतो. उद्या उन्हाळ्यात पोती घेऊन माझ्याकडं येऊ नका." आणि बंकट त्यांच्यामागून गेला. आता वैशाखात माल कुठं ठेवायचा, हा प्रश्न दालनाच्या मध्यभागी बसून राहिला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. सुभद्रा वच्छलाबाईंच्या जवळ येऊन कुजबुजली, आणि कुजबुजणं रागाचं होतं. "कावून बोलल्या आक्का? गेले असते मी. वरीसभर आता त्यांचं तोंड तुमाला बघायचंय." "बघीन," वच्छलाबाई म्हणाल्या. "तू पोती उचल."

बाहेर लिंबाखाली म्हाळू बसला होता. बायका पोती फरफटत आणताना बघून उठला. त्यानं सुभद्राला काही विचारलं नाही, वच्छलाबाईंना विचारलं. "काय झालं आक्का? येती का?" त्यांना त्याचं तोंड बघवेना, उन्हानं काळवंडलेलं, आणि बायकोला न्यायला आल्याची लाज त्यावर आधीच बसलेली. येईल रे, बघू, पुढच्या आठवड्यात, हे सगळं जवळच होतं, हात लांबवला की मिळण्याजोगं. त्यांनी हात लांबवला नाही. सुभद्राच म्हणाली, "न्हाई येत." म्हाळू तिच्याकडं वळला. "आन मी काय करू? अर्ध्या कोयत्याला कोण इचारतंय?" सुभद्रानं डोक्यावरची चुंबळ काढून त्याच्या हातात दिली. "आज तर ही पोती काढू लाग. उद्याचं उद्या भांडू."

तो आत गेला. त्या खोलीत तो पहिल्यांदाच जात होता. वच्छलाबाई सावलीत फरशी झाडायला लागल्या, बटाटे पसरायला. मशीन बंद झालं होतं तरी गारठा आत तसाच कोंडलेला होता. पोतं खांद्यावर घेऊन म्हाळू बाहेर आला तेव्हा त्याच्या हातांवर काटा उभा होता आणि दात एकमेकांवर आपटत होते, भर दुपारी, परळीच्या उन्हात.

"लई गार हाय आत," तो म्हणाला.

"तेच सांगायलाव कवाधरनं," सुभद्रा म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरचं पोतं तिनं दुसऱ्या टोकानं धरलं.